आबांचा उलटा रूट

आबा कुठल्याही ड्रायव्हरला सरळ रस्ता विचारत नसत. चाकणहून होसूरला निघालेल्या माणसाला ते म्हणायचे, "होसुरातनं माघारी सांग." मग तो बिचारा डोळे मिटून सुरू करायचा. होसूर, बंगळूरच्या बाहेरचा रस्ता, तुमकूर, हुबळी, बेळगाव... मध्ये कुठं अडखळला, की आबा त्याच्या हातातली किल्ली काढून घ्यायचे. "जिथं जीभ अडती, तिथंच गाडी अडती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरळ सांगताना माणूस सवयीनं पुढं जातो, उलटं सांगताना एकेक ठिकाण आठवावंच लागतं.

आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये लांबच्या गाड्यांचे रूट तेच ठरवायचे. चाकणजवळच्याच एका गावचे, तीस वर्षं ट्रेलर चालवून कंबर गेली तेव्हा टेबलावर आलेले. मी बीडहून येऊन जवळच्याच चिखलीत खोली करून राहिलो होतो आणि त्यांच्या शेजारी बसून गाड्यांचे कागद बघायचो. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "काय बीडकर, परमिट बघितलं? मालाच्या ई-वे बिलाची मुदत कवा संपती? शहरातली नो एन्ट्री कवा सुटती? आन् मानूस झोपनार कुठं?" शेवटच्या प्रश्नाला कुठलं सरकारी कागदपत्र लागत नाही, पण तो सुटलेला त्यांना चालत नसे. ड्रायव्हरनं कुठल्या ढाब्यावर किती तास पाठ टेकायची, हेही ते रूटमध्ये लिहीत.

त्यांच्याकडे खुणा केलेला एक बांबू होता. ताडपत्री बांधून झाली, की कमरेवर एक हात ठेवून ते गाडीभोवती फिरत आणि जमिनीपासून उंची मोजत. कंपनीनं मशीनची उंची कागदावर दिलेली असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं. "मशीन काय पायी चालत जातंय व्हय? खाली ट्रेलर हाय, ठोकळं हायत, वर ताडपत्री हाय. पुलाला समदं लागतं, राव."

आमच्या मॅनेजरला एवढं साधं कळत नव्हतं. त्या माणसाबद्दल माझ्याकडून चांगलं ऐकायला मिळणार नाही. मी जात्याच डूख धरणारा, आणि त्याच्यावरचा डूख तर मी लेकरासारखा जपला. होसूरला एक उंच मशीन जायचं होतं. आबांनी जास्त उंचीच्या मालाची परवानगी काढली, लांबचा पण बिनधोक रस्ता लिहिला आणि सही केलेला कागद परवानगीची प्रत टाचून नेहमीप्रमाणे माझ्याकडं फाईलला लावायला दिला. दुसऱ्या दिवशी ते सुटीवर होते. मॅनेजरनं ऑफिसातून ड्रायव्हर दत्ताला फोन लावला. "मोबाइलवरचा मॅप दुसऱ्या रस्त्यानं चार तास कमी दाखवतोय. मशीनची उंची कागदावर बघितलीय मी. वळव गाडी."

परवानगीत लिहिलेला रस्ता सोडला, की परवानगी नसल्यातच जमा. कर्नाटकात एका रेल्वेपुलाखाली गाडी अडकली, मशीन केबिनवर आलं. दत्ताला पुन्हा स्टेअरिंग धरता आलं नाही. तो तिकडं दवाखान्यात असताना इकडं मॅनेजरनं मालकासमोर सांगून टाकलं, "रूट आबांचाच होता." मालकानं फाईल मागवली, तर त्यात आबांचा कागद नव्हता. आबांना सगळ्यांदेखत घरी पाठवलं. बांबू कोपऱ्यातच राहिला. तो मी नंतर खोलीवर नेला.

पुढं मी चाकणमधल्याच एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागाचा प्रमुख झालो. आणि एके दिवशी तोच मॅनेजर समोर येऊन बसला. आता त्याच्या स्वतःच्या गाड्या होत्या, आमचं काम हवं होतं. मी चहा सांगितला. मग म्हणालो, "होसूरचा रूट सांगा साहेब. उलटा." तो हसला. मी हसलो नाही. तुमकूरपाशी त्याला घाम फुटला. मग मी त्याच्या गाड्यांचे कागद मागितले. एकीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलेलं, एकीला दुसऱ्या राज्यात जायचं परमिटच नाही. "नियमात बसत नाही," एवढंच म्हणालो. तो उठून गेला तेव्हा माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला, तो मी कुणापासून लपवणार नाही.

त्याच रविवारी बांबू घेऊन आबांकडं गेलो. ते खाटेवर पडून असायचे. सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "जिरली का त्याची? लई ब्येस केलंस!" डोळे मिटून त्यांनी ती चव घेतली. मग म्हणाले, "आता माघारी सांग."

मी उत्साहानं सुरू केलं. तो उठून गेला. त्याआधी कागद. त्याआधी घाम. त्याआधी चहा. असं करत करत आबांना घरी पाठवलं तिथं आलो, त्याच्याआधी फाईल मागवली तिथं आलो, आणि जीभ अडली.

"हितं अडलास व्हय?" आबा म्हणाले. "कागद कुठं व्हता, बीडकर?"

"माझ्या खणात," मी म्हणालो. "मॅनेजरनं नुसतं बघितलं माझ्याकडं. मी फाईलमधून काढून ठेवला. नोकरी जाईल म्हणून."

आबांनी बांबू खाटेला टेकवला आणि त्याच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मंग ह्याचा सूड कुनी घ्यायाचा?"

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. कागद अजून माझ्याकडंच आहे.