उंद्रीचा पाट

उंद्रीला होड्या चालत नाहीत, ही गोष्ट मी वसंताला आधीच सांगायला हवी होती.

वसंता माझा शाळासोबती. शिकायला म्हणून हॉलंडला गेला आणि तिथलाच झाला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास तो बायकोला घेऊन चिखलीला माझ्याकडे राहायला आला. बायको तिकडचीच, आन्ना. तिला मराठीतले दोनच शब्द येत, 'खूप' आणि 'बस'. मी तेव्हा चाळिशीतला विधुर, शाळेत पहिलीच्या वर्गाचा मास्तर. स्वतःच्या हातचं पिठलं मी त्या दोघांना वाढलं. आन्ना आधी 'खूप' म्हणाली आणि मग घाईघाईने 'बस' म्हणाली.

वसंताच्या तोंडी एकच विषय. "आमच्या गावात रस्तेच पाण्याचे बे! दारात कालवा. पाहुणा आला की पहिले त्याले होडीत बसवायचं आन् सारं गाव फिरवून आणायचं. तू काय दाखवतोस?"

देऊळगाव राजाचा बालाजी दाखवून झाला होता. पुढे काय दाखवायचं, हे मलाही माहीत नव्हतं. पण पाहुण्यापुढे हार मानेल तो वऱ्हाडी कसला?

"आमच्याकडं बी पाट हाये," मी म्हणालो. "उंद्रीले, सदाशिवच्या मळ्यात. पाहशील तं हॉलंड विसरशील!"

(हा पाट मी स्वतः कधी पाहिला नव्हता. सदाशिव त्याच्याबद्दल बोलायचा, तेवढंच.)

सदाशिव आमच्याच वर्गातला. उंद्रीच्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा होता, त्याच्याजवळ मी निरोप दिला, "सदाशिवले सांगजो, मास्तर रविवारी पाहुणे घेऊन येऊन राह्यले. पाट पाहायचा हाये."

"पाट?" कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझा हात घट्ट दाबला. "लय चांगलं केलं, मास्तर. एकट्यानं किती दिस काढान?"

मला वाटलं, एकट्याने गावं पाहण्याबद्दलच बोलतोय!

रविवारी उंद्रीला उतरलो तर सदाशिवच्या अंगणात सडा, रांगोळी, सतरंज्या. धुतलेली धोतरं नेसून गावची वडीलधारी मंडळी ओळीने बसलेली. माझी छाती फुगली. "पाह्य वसंता, पाहुण्यांचा मान! तुमच्या होडीत हाये काय असं?"

पोहे आले, चहा आला. एक म्हातारेबुवा जवळ सरकले. "मास्तर, नोकरी पक्की हाये ना?"

"पक्की."

"दात सारे घरचेच?"

"घरचेच." खेड्यातले लोक किती आपुलकीने चौकशी करतात, असं मनात आलं.

"आन् पहिलीची लेकरं किती?"

"चाळीस," मी म्हणालो.

अंगणात कपबशांचा आवाज थांबला.

"चाळीस?"

"औंदा कमीच हायेत!"

"सांभाळते कोन त्याईले?"

"मी एकटाच. सकाळी उभे करायचे, प्रार्थना म्हणवून घ्यायची, मंग पाढे. ऐकलं नाही तं कान पिळायचा."

म्हातारेबुवांनी टोपी काढून कपाळ पुसलं. शेजारचा एकजण पुटपुटला, "बिचारी पहिली! जाईन नाही तं काय!"

तेवढ्यात आतून सदाशिवची बहीण सुमन पानसुपारीचं ताट घेऊन आली. तीन वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हापासून ती भावाकडेच होती. आज तिने हिरवंगार लुगडं नेसलं होतं. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हातारेबुवांनी आन्नाला विचारलं, "काय हो बाई, पसंत हाये ना?"

"खूप! खूप!" आन्ना पोह्यांकडे बोट दाखवून म्हणाली.

"घ्या! पाहुन्याईचा होकार आला!"

वसंता माझ्या कानाशी लागला. "अबे, हा कोनता पाट हाये?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे पाट दोन. एक पाण्याचा, मळ्यातला. दुसरा विधवेशी लावतात तो, पुनर्विवाहाचा. आणि एसटीत बसून, पाहुणे घेऊन, निरोप पाठवून पाण्याचा पाट पाहायला जगात कोणीही जात नाही!

आधी वाटलं, गप्प बसावं आणि घरी जाऊन 'जमत नाही' असं कळवावं. पण त्या हिरव्या लुगड्यावर पेटीतल्या घडीची खूण अजून दिसत होती. तीन वर्षांनी ती बाई रंगीत नेसली, ती माझ्या एका बढाईपायी! मी उभा राहिलो.

"सदाशिव, माझं चुकलं. मी पाण्याचा पाट पाहायले आलो होतो."

सदाशिव लालबुंद झाला. "पान्याचा? आन् चाळीस लेकरं?"

"पहिलीच्या वर्गातली."

कोणी हसेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मंग दाखव ना दादा त्याईले. एवढ्या दुरून आले, तं पाहून जाऊ दे."

सगळी वरात मळ्यात गेली. पाट वीतभर रुंद आणि ठणठणीत कोरडा! (पाणी उपसायचं इंजिन ज्याने चालवायचं, तो धुतलेलं धोतर नेसून अंगणात बसला होता ना!) तरीही मी चपला काढून पाटात ठेवल्या, दोन्ही हात पसरले आणि आन्नाला समजावू लागलो, "हे पाहा, पाणी तिकडून येते..."

तिकडून खरंच आलं. सुमनने विहिरीवरचं इंजिन सुरू केलं होतं! बघता बघता माझी एक चप्पल मिरचीच्या वाफ्यांकडे चालू लागली; दुसरी मी कशीबशी धरली.

"पाह्य बे वसंता, होडी!" सदाशिव ओरडला, आणि अख्खी उंद्री हसली. सुमन तर पदर तोंडाला लावून खाली बसली. ते हसू ऐकलं आणि मला वाटलं, दुसरीही चप्पल सोडून द्यावी.

पहिली काही सापडली नाही. ती शोधायला मला पुढच्या रविवारी पुन्हा उंद्रीला जावं लागलं. त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी कंडक्टर म्हणाला, "मास्तर, चप्पल नवी घ्या आन् निरोप जुनाच देऊन टाका."

दिला. या खेपेला सुमनने विचार करायला आठ दिवस घेतले आणि एकच अट घातली, चाळीसपैकी एकही घरी आणायचं नाही.

मी आनंदाने वसंताला हॉलंडला कळवलं, 'पाट लागला!' त्याचं उत्तर आलं, 'वा! आन्ना विचारते, किती रुंद?'

सुमनने ते वाचलं. तिच्या हातचं खाऊन सुटलेल्या माझ्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "लिहा, रोज वाढूनच राह्यला."