वाऱ्याचे लाडू

धुरपदाबाई बालवाडी चालवत, पण त्यांना बाई कोणी म्हणत नसे. शिंदखेड्यापासून पाच मैलांवरच्या आमच्या गावात लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत. मी, शाळेतला मास्तर, तेवढा हट्टानं 'धुरपदाबाई' म्हणायचो. मी मूळचा संगमनेरकडचा. १९५५ साली बदली होऊन आलो, तेव्हा या लोकांना भाषा शिकवायला आपल्याला पाठवलं आहे असा माझा पक्का समज होता. वर्गात कोणी डोळ्याला 'डोया' म्हटलं की त्याला दहा वेळा 'डोळा' म्हणायला लावायचो. अहिराणी ही भाषा नव्हे, जिभेचा आळस, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

अक्का चौथीपर्यंत शिकल्या होत्या. आई कापूस वेचायला जाई आणि धाकटी भावंडं सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. पुढं लग्न झालं, नवरा वारला, आणि तिशीत माहेरी परत आल्या. बघतात तर पंचवीस वर्षांत काही बदललेलं नव्हतं. वेचणी सुरू झाली की आया वावरात आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरी घरी, कडेवर भावंडं घेऊन. माझ्या वर्गातली मुलींची रांग ओस पडे. मी हजेरीपटावर फुल्या मारायचो आणि आईबापांच्या नावानं बोटं मोडायचो. अक्कांनी नदीकाठच्या निंबाखाली गोणपाट अंथरलं आणि घरोघर जाऊन सांगितलं, लहानी पोरं माझ्याजवळ ठेवा, मोठ्या पोरी शाळेत धाडा.

सगळ्यात शेवटी मान्य झाली ती सुंदरची आई. सुंदर नऊ वर्षांची, तिचा भाऊ सुपडू चार वर्षांचा आणि अंगानं चांगला गुटगुटीत. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सुपडू बालवाडीत आला आणि सुंदर माझ्या वर्गात. आईनं मात्र बजावून ठेवलं होतं, बालवाडी बंद पडली की पोरगी त्याच दिवशी घरी.

बालवाडी बंद पडण्याची पाळी खरोखरच आली. जिल्ह्याहून पत्र आलं की मान्यतेशिवाय बालवाडी चालवता येणार नाही; मान्यता हवी असेल तर साहेब येऊन पाहणी करतील. मुलांना काय शिकवता, कोणत्या पुस्तकातून शिकवता, ते दाखवावं लागेल. अक्कांजवळ कसलं आलंय पुस्तक! त्यांची सगळी गाणी तोंडात होती, त्यांनीच जुळवलेली. पोरं निंबोण्या वेचतात, खारीमागं पळतात, नदीच्या कोरड्या पात्रात लोळतात, त्याची गाणी. मला चित्रं काढता येतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या पत्र घेऊन माझ्याकडं आल्या.

"गुरुजी, मी सांगस, तुम्ही लिखा. आन चित्रं काढी द्या."

मी धुळ्याहून रंगांची पेटी आणली. त्यांनी पहिलं गाणं सांगितलं:

चिडी उनी, चिडा उना,
धूयमा खेये भाऊ मना.

मी ते लगेच सुधारून लिहिलं. 'चिमणी आली, चिमणा आला, धुळीत खेळे भाऊ माझा.' वाचून दाखवलं. अक्कांनी दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

"गुरुजी, हाई गानं आते तुमनं व्हयनं," त्या म्हणाल्या. "मना पोरेस्ले येनार नही."

मी वरमलो नाही, चिडलो. पण 'उना-मना'चं यमक जागच्या जागी बसत होतं आणि माझं 'आला-माझा' फरफटत होतं, हे मलाही ऐकू येत होतं. कागद फाडला. घ्या, तुम्ही सांगाल तसंच लिहितो, असं म्हणून फुरंगटून लिहू लागलो. दोन-तीन दिवसांनी त्यांनी हे गाणं सांगितलं:

चाल रे भाऊ, वायूमा जाऊ,
वायूना आपन लाडू खाऊ.

माझी लेखणी थांबली. वायू! इतका शुद्ध, संस्कृत शब्द, आणि कल्पना तरी काय, वाऱ्यात जाऊन वाऱ्याचे लाडू खायचे! मी म्हणालो, "धुरपदाबाई, तुम्ही खऱ्या कवी आहात हो."

"काय बी सांगतस गुरुजी," म्हणून त्या लाजून हसल्या.

त्या एका चित्राला मी दोन दिवस घातले. पोरांचे सदरे फुगलेले, केस उडताहेत, पानं भिरभिरताहेत, आणि पोरं दोन्ही हातांनी निळसर वाऱ्याचे गोल लाडू वळून तोंडात टाकताहेत. तसं चित्र मी पुन्हा काढू शकलो नाही. अक्कांना दाखवलं तेव्हा त्यांनी निळ्या लाडवांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चांगलं शे." त्यांना शब्द सुचत नसतील असं वाटून मी आणखीच खूश झालो. पानं शिवून पुस्तक तयार केलं.

फेब्रुवारीत साहेब आले. माणूस शिस्तीचा, पण वाईट नव्हता. शाळा आणि निंब यांच्यामध्ये हाकेचंच अंतर. मी माझ्या वर्गाला पाढे लिहायला बसवून पाहणीला गेलो. साहेबांनी खुर्चीत बसून पुस्तक उघडलं आणि नेमकं माझं लाडकं पान काढलं. गाणं वाचलं, चित्र पाहून मान डोलावली, आणि पुढ्यातल्या सुपडूला विचारलं, "बाळ, या चित्रात वायू कुठे आहे, दाखव बरं."

सुपडूनं चित्र पाहिलं. वाकून, अगदी नाक टेकवून पाहिलं.

"आठे वायू नही शे."

"नीट बघ. सगळीकडे आहे."

"नहीच शे ना!"

साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळी पोरं एका सुरात, "नही शे! नही शे!" साहेबांनी पुस्तक मिटलं. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "बाई, मुलांना आपल्याच पुस्तकातलं चित्र ओळखता येत नाही. मग मी वर काय लिहून देऊ?"

अक्कांनी पदर सावरला. "साहेब, चूक मनी शे. मी पोरेस्ले बराबर सांगं नही."

तेवढ्यात सुपडू उठून नदीच्या पात्राकडं पळाला. आपल्याला खोटं पाडलं याचा त्याला भयंकर राग आला होता. तो परत आला तो दोन्ही मुठी भरून. त्यानं साहेबांच्या मांडीवरचं पुस्तक स्वतःच उघडलं आणि माझ्या निळ्या वाऱ्यावर दोन्ही मुठी रिकाम्या केल्या.

"हाई देख वायू!"

वाळू. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तशी वाळूची वायू. दोन वर्षं मी ज्या 'य'वरून पोरांना धारेवर धरत होतो, तोच 'य' एका शब्दापुरता शुद्ध दिसला आणि मी फसलो. नदीत बसून वाळूचे लाडू वळणाऱ्या पोरांना मी वारा खायला घातला होता! अक्कांनी चित्र पाहताक्षणी हे ओळखलं असणार. पण मास्तरनं दोन दिवस खपून काढलंय, त्याला वाईट वाटेल, म्हणून त्या गप्प बसल्या. आणि आता साहेबांपुढं चूक स्वतःच्या अंगावर घेऊन उभ्या होत्या.

मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, तसा विचार मनात आलाही. मग पुढं झालो.

"साहेब, चूक माझी आहे. बाईंनी वाळू सांगितली, मी वारा काढला. मला इथली भाषा येत नाही."

शेवटचं वाक्य तोंडाबाहेर पडलं आणि हलकं वाटलं. साहेब माझ्याकडं पाहत राहिले, मग मांडीवरच्या वाळूकडं. आणि एकाएकी इतके हसले की पोरंही हसू लागली. नंतर त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून पोरांना गाणी म्हणायला सांगितली. पोरांनी चिडीपासून खारीपर्यंत सगळी म्हटली, हातवारे करून, नाचून. साहेबांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन मान्यतेची शिफारस लिहिली आणि आम्हाला वाचून दाखवली.

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. मला हळूच म्हणाल्या, "कसाले बोलनात गुरुजी? मी सांगं व्हतं ना, चूक मनी शे."

"अक्का," मी म्हणालो, "आता तुम्ही मला शिकवा."

अक्का म्हणून त्यांना मी पहिल्यांदा हाक मारली ती त्या दिवशी. पुढं दहा वर्षं त्या गावात काढली. माझ्या वर्गातल्या पोरांनी मला घाबरणं सोडलं, माझ्याशी बोलायला सुरुवात केली. हे सगळं मी अक्कांचं देणं लागतो आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

त्या दिवशी साहेबांना निरोप देऊन वळलो तर शाळेच्या भिंतीआड सुंदर उभी. पाढे टाकून आली होती. आज बालवाडी बंद पडली तर भावाला उचलून घरी जायचं, या तयारीनं. इतकी तयारी की तिनं नकळत कंबर एका बाजूला काढली होती, कडेवर मूल घ्यायला काढतात तशी. सुपडूनं तिला पाहिलं आणि हात वर करून धावला.

"बई, उचली ले ना!"

सुंदरनं कंबर सरळ केली.

"आते नही," ती म्हणाली. "माले शाया शे."

आणि माझ्या आधी वर्गात जाऊन बसली.