बाबांचा आवाज का बसला

अक्का, गुलाब, मी जळगावला निघालो तो दिवस तुम्हा भावंडांना आठवत असेल. साक्रीच्या स्टँडवर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चारचौघांत, खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी आमेन येईना. खिडकीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, मागची पोरं हसली. मी पंचविशीचा, नुकती कारकुनी मिळालेला. मान वर करवत नव्हती.

घरी तरी वेगळं काय होतं? ताट वाढलं की बाबांची प्रार्थना वेशीपर्यंत जायची. माय म्हणायची, "देव काय बहिरा शे का?" बाबा म्हणायचे, "देव नही वं, शेजारी बहिरा शेतस."

जळगावात खोली मिळाली ती केळीचा व्यापार करणाऱ्या एका नानांकडे. आडनाव ऐकून आम्ही हिंदू, असा त्यांनी जो समज करून घेतला, तो मी खोडला नाही. खोटं बोललो नाही, इतकंच काय ते समाधान. शास्त्र, आपलं बायबल, ट्रंकेच्या तळाशी गेलं. रविवारी ख्रिस्ती देवळाची घंटा ऐकू यायची आणि मी नळावर कपडे धूत बसायचो. पत्रात मात्र लिहायचो, उपासनेला जातो, मंडळी चांगली आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा आले. संध्याकाळी मी खिचडी वाढली. दार उघडं होतं, अंगणात खाटेवर नाना बसलेले. बाबांनी डोळे मिटून छातीभर श्वास घेतला आणि मी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, मनात करा. मालक ऐकतील."

त्यांनी डोळे उघडले. "आठे कोनलेच सांगं नही का तू?"

कुणालाच सांगितलं नव्हतं; मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग ते पुन्हा डोळे मिटून बसले, खिचडी गार होईपर्यंत. ओठ हलले नाहीत.

आठ दिवसांसाठी आलेले बाबा तिसऱ्या सकाळी निघाले. "तुन्ही माय एकली शे," म्हणाले. स्टँडवर माझ्या डोक्याकडे हात उचलला, आजूबाजूला पाहिलं, आणि तो खिशात घातला.

कापूसवेचणीच्या दिवसांत ते गेले. माती देऊन आल्यावर माय म्हणाली, "जयगावथीन वनात तवयपाशीन मनमाच प्रार्थना." जळगावहून परतल्यापासून ते मोठ्यानं म्हणतच नव्हते; तुम्ही धरून चाललात की घसा बसला होता. अक्का, तू काढे दिलेस. गुलाब, तू सुरतेहून गोळ्या पाठवल्यास. घशाला काही झालं नव्हतं. आपल्या आवाजानं पोराच्या पोटावर पाय येतो, असं त्या माणसाला वाटलं असणार. आणि ते त्याला मी वाटायला लावलं. हे मी तेव्हा बोललो नाही. पुढं माय गेली, तेव्हाही नाही.

जळगावला परत आल्यावर बाबा गेल्याचं नानांना कळवलं. ते म्हणाले, "ताटावर डोळे मिटून बसले तेव्हाच समजलं होतं, ख्रिस्ती माणूस आहे. म्हटलं, मोठ्यानं म्हणतील तर आमच्याही कानावर चार शब्द पडतील."

त्या रविवारी देवळात गेलो, शेवटच्या बाकावर. कितीतरी वर्षं नुसता बसलो, शब्द फुटायचे नाहीत. पुढं सकाळ-संध्याकाळ शास्त्र वाचायला लागलो. त्यानं शहाणपण आलं म्हणत नाही. गप्प राहणं तेवढं अवघड होत गेलं. यंदा गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्यात देवळातल्या पाळकसाहेबांनी पाठ वाचायला दिला: अंगणात शेकोटीपाशी पेत्र येशूची ओळख नाकारतो, तो. मला पुढं वाचता येईना. उपासनेनंतर त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "देवाला माहीतच होतं. आता ज्यांचे ते वडील होते, त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. जळगावात माझा फ्लॅट आहे, दारावर पाटी आहे. पण घर म्हणायचं तर तुम्ही दोघं बसता ती पंगतच. नाताळला येतो आहे. ताटावरची प्रार्थना थोरल्या मुलानं, म्हणजे मी करायची, ही आपली रीत. यंदा अक्का, तू कर. मी खाली मान घालून बसेन, बसू दिलंत तर.