आमच्याच पार्किंगमध्ये न उघडणारी गाडी

सासूबाई गेल्यानंतर बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, कधीकाळी घरभर वायरी पसरून बसणारा माणूस आता सकाळी पेपर उघडायचा आणि दुपारपर्यंत तेच पान समोर असायचं. नवरा नोकरीसाठी भोपाळला असायचा. विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. "बाबा, भाजी कुठली करू?" असं मी विचारलं की ते म्हणायचे, "कुठलीही." संपलं बोलणं.

अशात एका सकाळी माझी गाडी उघडेना. रिमोटचं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तरी दिवा लुकलुकेना. मला शहराबाहेर, राऊ गावच्या कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर पोहोचायचं होतं. शेवटी रिमोटच्या पोटातली साधी किल्ली काढून दार उघडलं, तर गाडीनं असा टाहो फोडला की वरच्या गॅलऱ्यांमध्ये डोकी दिसायला लागली. वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, "मैडम, रिमोट स्टार्ट बटन से चिपकाकर दबाओ." तसं केल्यावर गाडी चालू झाली आणि गप्पही झाली.

गंमत म्हणजे राऊला तोच रिमोट लांबूनसुद्धा झकास चालला. घरी आल्यावर पुन्हा ठप्प. मी सेल बदलला. कपाटातली दुसरी चावी काढली. तीही तशीच. गाडी वर्कशॉपला नेली, त्यांनी कंप्यूटर जोडून पाहिला आणि म्हणाले, "गाड़ी में तो कुछ नहीं है." त्यांच्यासमोर ती शहाण्या मुलीसारखी उघडत होती, मी तरी काय सांगणार!

त्या संध्याकाळी जेवताना मी वैतागून हे सगळं बोलत होते, बाबांशी असं नाही, आपलं वरणभाताशीच. बाबांनी मान वर केली.

"राऊला चालतं? दरवेळी?"

"दरवेळी. वर्कशॉपमध्येपण."

"मग चावी बरोबर आहे आणि गाडीपण बरोबर आहे." त्यांनी घास खाली ठेवला. "दोघींच्या मध्ये तिसरंच कोणीतरी बडबडतंय. चावी रेडिओवर हाक मारते ना, त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं काहीतरी सारखं ओरडत असेल, तर गाडीला चावीची हाक ऐकूच येणार नाही."

इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. मी पोळी वाढायची विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा चपला घालून, खिशात खडू टाकून माझ्याआधी खाली उतरले. मी गाडी एकेका रिकाम्या जागेवर उभी करायची आणि ते रिमोट घेऊन मागे मागे सरकायचे. जिथून गाडी ऐकेनाशी होई, तिथे फरशीवर खडूची रेघ. गेटजवळ रेघ लांब गेली, लिफ्टजवळ जरा आत आली. आमच्या नेहमीच्या जागेवर तर बाबा गाडीला खेटून उभे राहिले तरी ती उघडेना. शेजारची गाडी पुसत असलेल्या गृहस्थांना त्यांनी हाक मारली, "भिया, आपका रिमोट ठीक चल रहा है?"

"कहाँ अंकल! नखरे कर रहा है. मैं समझा पुराना हो गया."

बाबांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांना बक्षीस लागलंय. तेवढ्यात लाइट गेली. लिफ्ट थांबली, पार्किंगमधले दिवे विझले. बाबांनी झटकन बटण दाबून पाहिलं. गाडी तशीच ढिम्म. "बघितलंस? लाइट गेली तरी बडबड चालूच. म्हणजे सेलवर चालणारी चीज़ आहे." आणि ते आमच्या जागेला लागून असलेल्या तळमजल्याच्या खिडकीकडे बघायला लागले.

त्या फ्लॅटमध्ये गौतमपुऱ्याकडचं एक म्हातारं शेतकरी जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. आमची ओळख नव्हती. दार बराच वेळ ठोकल्यावर आजोबांनी उघडलं, त्यांना कमी ऐकू यायचं. बाबांनी मोठ्यानं विचारलं, घरात सेलवर चालणारी घंटी वगैरे आहे का?

"थी," आजोबा म्हणाले. "खराब हो गई. अपने आप बजती ही रहती थी, तो निकालकर रख दी."

आतल्या खोलीत आजी पलंगावर होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, उठायची बंदी. मुलानं त्यांच्यासाठी वायरलेस घंटी आणून दिली होती. वाजणारा डबा आजोबांनी काढून ठेवला होता, पण तिचं बटण अजून दोरीनं पलंगाला बांधलेलं होतं आणि गादी न् पलंगाच्या फळीमध्ये करकचून दाबलं गेलं होतं. ते सारखं हाक मारत होतं, ऐकणारं कोणी नव्हतं. आजींच्या उशाशी स्टीलची थाळी आणि चमचा. त्या मला म्हणाल्या, "थाली बजई-बजई ने थाकी गी, बेटा." थाळी वाजवून दमून जायच्या, आणि स्वयंपाकघरातल्या आजोबांपर्यंत आवाज पोहोचायचा नाही.

बाबांनी बटण सोडवलं. मी खिडकीतूनच रिमोट दाबला आणि बाहेर गाडीचे दिवे लुकलुकले. पण त्याच्याकडे आमच्यापैकी कोणाचंच फारसं लक्ष नव्हतं. बाबा आजींशी बोलत होते, बटण कुठे हवं, हात कुठवर पोहोचतो. त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारात जाऊन नवा सेल आणला, आजोबांना दिसावं म्हणून मोठा दिवा लागणारा डबा आणला आणि बटण उशीच्या अभ्र्याला शिवून दिलं. जुना सेल मला दाखवत म्हणाले, "हा संपतच आला होता. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर गाडी आपोआप ठीक झाली असती."

आणि आम्हाला काहीच कळलं नसतं. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. वैतागून मी गाडी बाहेर रस्त्यावर लावायला लागणारच होते. नाही लावली, हे केवढं बरं झालं!

आता बाबा चारच्या चहाला खाली जातात. आजी वॉकर घेऊन चालतात. आजोबा लसणाच्या पिकाबद्दल ओरडून ओरडून सांगतात आणि बाबा तितक्याच ओरडून उत्तरं देतात. परवा वर आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं.

"सूनबाई, आज भरली वांगी कर. आणि जरा जास्तच कर, खाली द्यायची आहेत."

मी पाठ फिरवून वांगी धुवायला घेतली. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून.