दाजींचा होकार

जगात काळजी म्हणून जेवढी आहे, तिच्यातली निम्मी आमच्या दाजींनी एकट्याने स्वतःकडे घेतली आहे. बाकीचे लोक सुखाने दोन घास खातात ते त्यांच्याच जिवावर, असं माझं प्रामाणिक मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, श्रीगोंद्याजवळच्या एका गावात मराठी शाळेवर गुरुजी. घराला कुलूप लावून ते स्टँडपर्यंत जातात, नीट लागलंय का बघायला परत येतात, आणि ओढून पाहताना ते तुटलं तर नसेल ना, या विचाराने पुढचा सगळा प्रवास कडू करून घेतात. बसमध्ये बसायचं ते ड्रायव्हरच्या मागेच, आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून नगर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. एकदा एक ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "गुरुजी, मला झोप न्हवती. तुमच्या बोलन्यानं याया लागली." 'पण समजा' हे त्यांचे दोन लाडके शब्द. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआडून त्यांनी भटजींना विचारलं होतं, "पण समजा आत्ता लाइट गेली तर?" आणि लाइट गेली. ताई अजून ते विसरलेली नाही.

आपल्याच वर्गातली एखादी अडचण धरायची, तिच्यावर उपाय करून बघायचा आणि काय झालं ते लिहून काढायचं, याला शिक्षकांच्या भाषेत कृतिसंशोधन म्हणतात. त्यात आधी एक गृहीतक मांडावं लागतं. इतरांना ते जड जातं. दाजींचा उभा जन्मच गृहीतकं मांडण्यात गेलेला. एके दिवशी मला फोनवर म्हणाले, "पण समजा, अख्ख्या तालुक्यात कुणालाच येत नाही अशी भाषा पोरांना शिकवली, तर चुकलं म्हणून हसणार कोण?"

हे हसण्याचं प्रकरण मला ठाऊक होतं. वैष्णवी नावाची सहावीतली मुलगी. इंग्रजीच्या तासाला दाजींनी तिला वाचायला उभं केलं, आणि चाकूचा शब्द तिने जसा दिसला तसा, 'क्नाईफ' असा वाचला. वर्ग खदखदून हसला. पोरं तिला त्याच नावाने हाका मारू लागली, आणि तिने वर्गात तोंड मिटलं ते मिटलंच. इकडे दाजींचं जेवण तुटलं. "उभं मीच केलं ना तिला," ते म्हणायचे. "पण समजा ही कायमची गप्प झाली तर?" एरवी मी त्यांची थट्टा सोडत नाही; पण ही एक काळजी मी कधी थट्टेवारी नेली नाही.

म्हणून दाजींनी वर्गात स्पॅनिश शिकवायला घेतली. बरं, स्पॅनिशच का? तर त्या भाषेत 'पण'ला 'पेरो' म्हणतात हे दाजींना मोबाईलवर कळलं आणि ती भाषा त्यांना एकदम घरची वाटली. मात्र जीभ जरा जास्त फिरली की 'पेर्रो' होतं, आणि पेर्रो म्हणजे कुत्रा, ही एक नवी काळजी मागे लागली. ताईचा मला फोन आला, "अरे, हे गोठ्यात म्हशीपुढं उभं राहून कुत्रा-कुत्रा करतायत. कुणाला दाखवायचं का?" पण वर्गात रंग भरला. पेरू नावाचा देश सापडल्यावर पोरांनी नकाशावर हात फिरवून घेतला. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथली माणसंही आपल्या मेलेल्या माणसांची आठवण काढताना तोच वाहतात, हे ऐकायला पोरं पुढं सरकून बसली. तिकडच्या लोकांसारखी मक्याची भाकरी करायची ठरली तेव्हा सगळ्यांत गोल भाकरी वैष्णवीने थापली. बोलली मात्र नाही.

एकच शब्द दाजींना छळत होता. 'हो'ला तिकडे 'सी' म्हणतात, आणि आमच्या पोरांच्या तोंडी त्याचं हमखास 'शी' व्हायचं. दाजींनी दात दाखवून म्हणवून घेतलं, ओठ ताणून म्हणवून घेतलं, तरी पन्हाळीतून पाणी यावं तसं 'शी'च यायचं.

मग तक्रार झाली. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "गुरुजी, इंग्रजीची बोंब, अन् ही कंची भाषा काढली? ती मानसं कदी हिकडं यायची हायेत का?" दाजी म्हणाले, "पण समजा आली तर?" यावर पालक तडक वर गेले. हा उद्योग चालू ठेवायचा की बंद, ते ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं, आणि दाजींनी धीर द्यायला म्हणून मला नगरहून बोलावून घेतलं. मी रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो. दाजींचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

साहेब तसे भले गृहस्थ होते. त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय बाळांनो, शाळा आवडते का?"

"शी!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. "आणि गुरुजी?"

"शी!"

दाजी म्हणजे आयुष्यभर सगळ्या संकटांच्या तालमी केलेला माणूस, पण नेमकं हेच एक त्यांच्या गृहीतकात नव्हतं. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात खिडकीजवळ एक बाक करकरला. वैष्णवी उभी होती. दोन्ही हातांनी तिने बाकाची कड गच्च धरली होती.

"साहेब," ती म्हणाली, "तिकडं शी म्हंजी व्हय. आमाला सर लई आवडत्यात."

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाजींकडे. "मग काय, चालू ठेवायचं का हे?" त्यांनी वर्गालाच विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांनाही हसू आवरेना. दाजी आमच्याकडे पाठ करून फळा पुसत होते. फळा कोराच होता.

पुढे दाजींची बदली नेवाशाकडे झाली. ताई म्हाताऱ्या सासूबाईंपाशी श्रीगोंद्याकडच्या घरीच राहिली. दाजी तिकडे खोली घेऊन एकटेच असतात, आणि कुलूप बघायला परत आले तरी दारात चेष्टा करायला कुणी नसतं. वैष्णवी हायस्कुलात गेली, आता वर्गात फार बोलते म्हणून तिथले सर कुरकुरतात. हे सांगायला मी परवा दाजींना फोन केला. "आपलीच ना? वैष्णवीच ना?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "इथंही एक आहे रे. मुलगा. काही बोलतच नाही."

"मग करा की सुरू पुन्हा," मी म्हणालो.

"पण समजा..." दाजी म्हणाले आणि थांबले. त्यांच्या बाजूला कुठेतरी शाळेची घंटा वाजली.

"शी," दाजी म्हणाले.