नणंदबाईंनी वाचलेला ऑपरेशनचा कागद

अड्यारच्या वळणावर बसच्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि दांडा धरलेल्या हाताभोवती मी अख्खी फिरले. मनगट तेवढं जागच्या जागी राहिलं. त्या दिवसापासून करंगळीच्या बाजूचं हाड मनगटावर वर आलं. दाबलं की खाली, सोडलं की वर, पेटीच्या पट्टीसारखं. सांबाराची पळी पालथी करायला गेले की हातातला जीवच जायचा.

एक्स-रेत काही दिसलं नाही. माझ्या थोरल्या नणंदबाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी तंजावरपर्यंतच्या नातेवाइकांना फोन केले, "हाडं धडधाकट आहेत. गणपतीत नाटकात कामं करते ना, ती आता घरात सुरू झालीयेत."

चार महिने हे ऐकलं. विसरले मात्र काही नाही.

मग एग्मोरच्या एका सर्जननं दोन बोटांनी ते हाड दाबलं आणि म्हणाला, "लिगामेंट फाटलंय. ते एक्स-रेत दिसत नाही." माझ्याच हातातली स्नायूची एक बारीक दोरी काढून, दोन्ही हाडांना भोकं पाडून, परकरात नाडी ओवावी तशी त्यानं ती ओवली. वर कोपराच्याही वरपर्यंत प्लास्टर. सहा आठवडे तळहात आकाशाकडे.

आता पाळी माझी होती. कोणी भेटायला आलं की मी क्षीण आवाजात म्हणायचे, "वन्सं, माझा हात हा असा. तुम्हीच वाचून दाखवा ना ऑपरेशनचा कागद."

त्या इंग्रजी वाचून मराठीत सांगायच्या. 'पूर्णपणे फाटलेले' इथे त्यांचा आवाज हमखास बसायचा.

"जरा मोठ्यानं, मामींना ऐकू येत नाही."

भेटायला आलेल्या या मामींना खरं तर भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. शेजारीण आली की मी तमिळमधून अर्थही सांगायला लावायचे. अकरा वाचनं झाली. पहिल्या रांगेत मी.

प्लास्टर निघालं आणि तळहात खाली वळेचना. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "आत्ता रोज नाही वळवला तर असाच राहील. कोपर कुशीला लावून दुसऱ्या कुणीतरी वळवायचा." नवरा पहाटेच कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जायचा. दिवसभर घरी दुसरं कोण? नणंदबाई पदर खोचून आल्या.

"ओरडायचं नाही हं. लोकांना नाटक वाटेल."

त्यांनी वळवला. मी ओठ चावले, पंख्याची पाती मोजली, मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच माझ्या नवऱ्याच्याही पिढ्या आहेत हे नंतर लक्षात आलं. दिवसातून सहा वेळा असं चाललं.

तिसऱ्या आठवड्यात तळहात टेबलावर सपाट, पालथा टेकला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नणंदबाई खाली वाकून, फार आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दुखलं का गं?"

"छे, वन्सं. सुरुवात केलीत का?"