उजेडातले काळे पट्टे

आमचं घोडेगावचं नवं घर उभं राहिलं तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक झालं ते हॉलमधल्या दिव्यांचं. आमचे मालक टेम्पो चालवतात. भाड्याच्या निमित्तानं गावोगावची चांगली घरं बघतात आणि एखादी गोष्ट मनात भरली की ती आपल्याकडेही असावी, असं त्यांना वाटतं. त्यांनी छताला पीओपी करून घेतलं, त्यात गोल पॅनेल बसवले आणि कडेनं एलईडीची पट्टी फिरवली. बटण दाबलं की हॉल दुधासारखा पांढरा व्हायचा. वास्तुशांतीला आलेल्या बायका चपला काढता काढताच वर बघत होत्या.

मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. जुन्या घरात माझं मशीन एका पिवळ्या बल्बखाली होतं आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवताना जीव नकोसा व्हायचा. नव्या हॉलच्या कोपऱ्यात मशीन मांडलं तर सुईचं नेढं लांबूनही दिसायला लागलं. मला तर हरखून गेल्यासारखं झालं.

डोकेदुखी मला नवी नव्हती. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी मीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहिलेली आहे. उसाच्या फडात उन्हात बसलं की कधीतरी अर्धं डोकं ठणकायला लागायचं. आई म्हणायची, "ऊन लागलं." मग पदर ओला करून कपाळाला बांधायची. पुढे कुणीतरी त्याला अर्धशिशी म्हटलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची, उलटी झाली की उतरायची. मला तिची सवय झाली होती.

नव्या घरात ती दर आठवड्याला यायला लागली आणि येतानाची तऱ्हाही निराळी झाली. शिवता शिवता सुईचं टोक दिसेनासं व्हायचं. सुई मोडली की काय म्हणून मी बोट लावून बघायची, तर सुई जागेवर. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक चकाकती वाकडीतिकडी रेघ उठायची, थेट झिगझॅग टाक्यासारखी, आणि मोठी होत होत बाजूला सरकायची. वीसेक मिनिटांनी रेघ विरायची आणि डाव्या डोळ्यामागे कुणी दाभण खुपसावं तसं दुखायला सुरुवात व्हायची. मग दिवसभर पडून राहायचं. भीती वाटायचीच, पण खरं सांगायचं तर त्या रेघेचं मला नवलही वाटायचं. डोळे मिटले तरी ती दिसायची. म्हणजे ती डोळ्यांत नव्हती. मग होती कुठे?

नगरला डॉक्टरांना हेच विचारलं. ते हसले. म्हणाले, "बरोबर ओळखलंत ताई. ती रेघ मेंदूतली आहे. याला मायग्रेन म्हणतात." त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक काम सांगितलं. डोकं कधी दुखलं, त्याच्या आधी काय खाल्लं, झोप किती झाली, उन्हात होता की दिव्याखाली, सगळं लिहून ठेवायचं.

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती. ती उलटी करून मागच्या पानापासून मी लिहायला लागले. पुढून बाह्यांची आणि गळ्यांची मापं, मागून माझं डोकं.

या लिहिण्यात पहिली भर घातली माझ्या सासऱ्यांनी. ते जन्मभर आमच्या इथल्या म्हशींच्या बाजारात वावरलेले. जनावर नुसतं उभं असलं तरी त्याला काय होतंय ते त्यांना कळतं. एकदा सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "सूनबाई, आज मशिनीवर बसू नको. दुपारपत्तोर तुझं डोकं उठंल."

"तुम्हाला कसं कळलं, मामंजी?"

"कालपासनं जांभया देतीयास. डावा डोळा बारीक झालाय. आन् दोनदा गुळाचा खडा तोंडात टाकलास. मागच्या टायमाला बी असंच हुतं."

दुपारी दोनला डोकं उठलं. पडल्या पडल्या मला दुखण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याचंच जास्त नवल वाटत राहिलं. मला स्वतःला जे कधी दिसलं नाही, ते या माणसानं ओट्यावर बसून टिपलं होतं. बरी झाल्यावर मी वहीत जांभईचा रकाना आखला.

दिव्यांचा संशय मात्र तोवर मला आलेला नव्हता. तो आला एका फोटोमुळे. नेवाशाच्या एका बाईला तिच्या ब्लाऊजचा मागचा गळा मोबाईलवर बघायचा होता. ब्लाऊज भिंतीला अडकवून मी मोबाईल धरला, तर स्क्रीनवर काळे पट्टे. एकामागून एक, ब्लाऊजवरून हळूहळू खाली सरकणारे. मी पदरानं कॅमेरा पुसला. पट्टे तसेच. मोबाईल बिघडला की काय, ते बघायला बाहेर ओट्यावर गेले, तर तिथे एकही पट्टा नाही. आत आले, पुन्हा हजर. स्वयंपाकघरात जुन्या घरातला पिवळा बल्ब आणून लावला होता, त्याच्याखाली धरून बघितलं तर अगदी पुसट, असून नसल्यासारखे. मी घरभर मोबाईल धरून फिरत होते आणि सासरे विचारत होते, "काय हारपलं गं?" फोटो पाठवायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार मालकांच्या ओळखीचा. आधी तो मोबाईलचीच चूक काढायला लागला. मी म्हटलं, "तुमचे चार-पाच प्रकारचे बल्ब लावून बघू द्या." गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यानं लावले. एकात जाड काळे पट्टे, दुसऱ्यात पुसट, तिसऱ्यात काहीच नाही. मग तो काउंटरच्या बाहेर आला आणि स्वतःचा मोबाईल काढून बघायला लागला.

"वहिनी, इतकी वर्षं विकतोय पण हे कधी बघितलं नव्हतं," तो म्हणाला. मग त्यानं समजावलं. बल्बच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ते हलकं असलं की दिवा सारखा कमी-जास्त होत राहतो, पण इतक्या भरभर की डोळ्याला कळत नाही. मोबाईलला कळतं. बल्बलाही ड्रायव्हर असतो, हे टेम्पोवाल्याच्या बायकोला त्या दिवशी कळलं.

माझ्या डोळ्याला कळत नसेल, पण मेंदूला कळत असेल तर? हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि संध्याकाळी मालकांना पट्टे दाखवले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आता माझे दिवे वाईट?"

"वाईट नाहीत हो. मला सोसत नसतील. पंधरा दिवस हॉलचे दिवे बंद ठेवून बघू."

"सगळा गाव बघून गेला, आन् आपण अंधारात बसायचं?"

जेवून ते लवकरच झोपायला गेले. पण सकाळी उठले ते थेट स्टुलावर चढले आणि मी पट्टे नसलेला जो बल्ब आणला होता, तो त्यांनी मशीनच्या मागच्या भिंतीवर लावून दिला. मशीनही ओढून पूर्वेच्या खिडकीशी नेलं. म्हणाले, "पंधरा दिवस. मोजून."

पहिले दहा दिवस डोकं उठलं नाही. मी आतल्या आत नाचत होते. अकराव्या दिवशी गावात सकाळपासून लाईटच नव्हती. घरात एकही दिवा लागलेला नसताना, खिडकीशी बसले असताना सुईचं टोक गायब झालं. त्या दुखण्यात मी रडले ती वेदनेनं नाही, माझा शोध खोटा ठरला म्हणून.

संध्याकाळी सासरे पेज घेऊन आले आणि खाटेशेजारी बसले. मी म्हटलं, "मामंजी, दिव्यांचा काही संबंधच नव्हता. उगाच यांचं मन दुखावलं."

"काल चतुर्थीचा उपास धरला हुतास का न्हाई?"

"धरला होता."

"रातच्याला चंद्र बघून उशिरा जेवलीस, ते बी चार घास, आन् झोप बी मोडली. मग? येकाच कारणानं कुनी आजारी पडतं का? म्हस दूध देईना तर आमी खाद्य बघतो, पानी बघतो, माश्या बघतो, मग बोलतो. तू येक दिवा बघितलास आन् निकाल दिलास."

मी वही मागवली आणि पुन्हा वाचली. उपास, पाळी, अपुरी झोप, दिवे. एकेकटं काही आलं तर बहुतेक वेळा निभावलं होतं. दोन एकत्र आले की डोकं उठलं होतं. दिव्यांखाली मी रोजच बसत होते, त्यामुळे दुसरं काहीही आलं की दोन व्हायचे.

नगरला डॉक्टरांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी वही स्वतःच्या हातात घेतली. जांभईचा रकाना कुणी सुचवला, हे आवर्जून विचारलं. म्हणाले, "अशा जांभयांच्या दिवसांत मेंदू आधीच दुखण्याच्या तयारीत असतो, तेव्हा उजेड जास्तच बोचतो. सगळ्यांना दिव्यांचा त्रास होईल असं नाही. तुम्हाला होतो असं दिसतंय." मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि आपल्याच टेबलावरच्या ट्यूबकडे धरला. जाड काळे पट्टे. ते दोन क्षण बघत राहिले, उठले, ट्यूब बंद केली आणि मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून तपासलं.

हॉलमधले दिवे आम्ही काढले नाहीत. पाहुणे आले की लागतात. मालक आता कुणाकडे गेले की मोबाईल छताकडे धरतात आणि "तुमच्याकडं पट्टे हायेत बरं का," असं सांगतात. मला महिन्याकाठी एखाद्या वेळी त्रास होतो, कधी तोही नाही. उपास करणं मी सोडून दिलं, आणि त्यावरून घरात कुणी बोललं नाही.

मागच्या महिन्यात माहेरी निघाले होते. एसटीत उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली. ऊन तिरपं आलेलं, रस्त्याकडेला ओळीनं कडुनिंब. झाड आलं की सावली, गेलं की ऊन, सावली, ऊन, सगळं तोंडावर भराभर. दोन-तीन मिनिटांतच डोळ्यामागे ओढल्यासारखं झालं. डोळे मिटले तरी पापणीवर लाल-काळं चालूच. मी उठून पलीकडच्या बाजूला एका आजीबाईंशेजारी जाऊन बसले, तर ते थांबलं. डोकं उठलं नाही. मापांची वही जवळ नव्हती, म्हणून मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं: झाडं, तिरपं ऊन, डावी खिडकी. आजीबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "काय लिव्हती गं बाई?" पाथर्डी येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं.